आधी विचारा, सही कोण करणार?

कर्जतला खोपोली लोकल अर्धी रिकामी होते. त्या दिवशी पळसदरी सुटल्यावर समोरच्या बाकावरची मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. आमच्याच नर्सिंग स्कूलची जुनी विद्यार्थिनी. पुढे पुण्याला शिकून नुकतीच एमएस्सी झालेली. "मॅडम, हे बघा ना," म्हणत तिने फोन पुढे केला. परदेशातलं एक ख्रिस्ती विद्यापीठ. इमारतीवर क्रूस, पुढे हिरवळ, हिरवळीवर हसऱ्या मुली. घरबसल्या 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस', म्हणजे डीएनपी. फी हप्त्याने. "करू का?"

लौजी येईपर्यंत मी तिला एकच प्रश्न विचारला, "तुझ्या कागदांवर सही कोण करणार?" तिला प्रश्नच कळला नाही. साहजिक आहे. २०२१ मध्ये कुणी मला विचारला असता तर मलाही कळला नसता. तो कळायला मला तीन वर्षं आणि पतपेढीचं एक कर्ज लागलं. खोपोली आली, ती उतरली, तिची दुसऱ्या पाळीची ड्यूटी होती. तिला गाडीत सांगायचं राहून गेलं ते इथे लिहिते आहे.

माझं माहेर कशेळ्याच्या बाजूचं, सासर खोपोलीचं. नर्सिंगची पदविका, जीएनएम, मी मिरजेला केली, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभ्या केलेल्या मिशन रुग्णालयात. आमचं घर माळकरी. पण तिथल्या सकाळच्या प्रार्थनेचं मला कधी ओझं वाटलं नाही. उलट त्या शिस्तीनेच मला घडवलं. औषधाच्या तक्त्यावर सही करायची ती गोळी रुग्णाच्या घशाखाली उतरल्यावर, आधी नाही. एका मुलीने घाईघाईत ओळीने सह्या उरकून ठेवल्या होत्या, तर सिस्टरांनी तिला अख्खा आठवडा औषधाच्या ट्रॉलीला हात लावू दिला नाही. "सही म्हणजे शब्द," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या मनात 'ख्रिस्ती संस्था' आणि 'खोटं चालत नाही' हे दोन शब्द एकमेकांना चिकटले. पुढे फसले ती तिथेच.

पोस्ट बेसिक बीएस्सी आणि एमएस्सी करून मी खालापूर तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आले. नर्सिंग स्कूलमध्ये शिकवायचं आणि लेबर रूममध्ये विद्यार्थिनींवर देखरेख करायची, असं दुहेरी काम. कोविडची दुसरी लाट ओसरली तेव्हा वय चाळिशीपुढे गेलं होतं. प्राचार्यपदाच्या जाहिरातींत 'पीएचडी असल्यास प्राधान्य' हे शब्द टोचायचे. पण मला ग्रंथालयात बसून प्रबंध लिहायचा नव्हता. मला कॉटपाशीच राहायचं होतं. म्हणून 'प्रॅक्टिस डॉक्टरेट' हे नाव वाचलं आणि वाटलं, ही पदवी माझ्यासाठीच काढली आहे.

कल्पना खरोखर चांगली आहे, हे आधी सांगते. पीएचडी नवं ज्ञान शोधते. प्रॅक्टिस डॉक्टरेट सापडलेलं ज्ञान खाटेपर्यंत पोचवते. अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये ठराव केला, की प्रगत नर्सिंग करणाऱ्या परिचारिकांची पात्रता २०१५ पर्यंत या डॉक्टरेटवर न्यावी. ती मुदत सगळीकडे पाळली गेली नाही, पण पदवी रुजली. २००६ च्या आराखड्यात बीएस्सीनंतरचे किमान १००० तास प्रत्यक्ष काम सांगितलं होतं. २०२१ च्या आराखड्यात भर कौशल्यांवर गेला, तरी प्रगत पातळीचे किमान ५०० तास राहिलेच. प्रबंधाऐवजी एक प्रकल्प असतो: आपल्या वॉर्डातली एक अडचण घ्यायची, तिच्यावर सिद्ध झालेला उपाय लागू करायचा आणि फरक मोजायचा.

मी अशाच एका परदेशी ख्रिस्ती विद्यापीठाकडे अर्ज केला. अर्ध्या तासाची मुलाखत झाली आणि आठवड्यात प्रवेश मिळाला. अमेरिकेतलं परिचारिका नोंदणीपत्र त्यांनी मागितलंच नाही. मला तो मोठेपणा वाटला. प्रगत नर्सिंगचा सगळा डोलारा त्या नोंदणीवर उभा असतो. नाणावलेली विद्यापीठं ती पाहिल्याशिवाय दारात उभं करत नाहीत, आणि ती मिळवायला एनसीएलईएक्स ही परीक्षा द्यावी लागते. जिथे दाराशी कुणी काही विचारत नाही, तिथून बाहेर पडल्यावरही आपल्याला कुणी विचारत नाही, हे मला उशिरा समजलं.

पतपेढीचं कर्ज काढलं. दोन सहकाऱ्यांनी जामीनदार म्हणून हसत सह्या केल्या. या सगळ्या प्रवासात मला विनासायास मिळालेल्या आणि टिकलेल्या सह्या त्या दोनच.

तास भारतीय वेळेनुसार पहाटे साडेचारला, हिवाळ्यात साडेपाचला. आमच्याकडे जुलैच्या पावसात रात्रीची वीज जाणं नवं नाही. मोबाइलच्या उजेडात वही धरून, भिंतीकडे तोंड करून मी कुजबुजत उत्तरं द्यायची. सासूबाई देवघरातून विचारायच्या, "कुणाशी बोलतेस गं एवढ्या पहाटे?" तरी अभ्यास मला आवडला. प्रत्येक निबंधात श्रद्धा आणि सेवा यांवर एक भाग लिहावा लागे. माझे सगळ्यांत चांगले गुण त्याच भागाचे.

मग विषय ठरवायची वेळ आली. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून येणाऱ्या ठाकर आणि कातकरी बाया मी वर्षानुवर्षं पाहते. मांडीवरचं मूल चालायला लागायच्या आत पुढचं पोटात. हिमोग्लोबिन सातावर, आठावर. म्हणून मी विषय दिला: बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवण्याबाबत समुपदेशन. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, हा विषय संस्थेच्या धार्मिक भूमिकेत बसत नाही. विद्यापीठ कॅथलिक परंपरेतलं होतं. कॅथलिक चर्चची शिकवण कृत्रिम गर्भनिरोधन आणि नसबंदी मान्य करत नाही, आणि तिच्या आरोग्यसंस्था तसेच नियम पाळतात. प्रोटेस्टंट मिशनच्या रुग्णालयांतून हेच काम वर्षानुवर्षं रोजचं म्हणून चालत आलं आहे. माझ्या लेखी 'ख्रिस्ती' म्हणजे सगळं एकच होतं. यात मी त्यांना दोष देत नाही. त्यांची भूमिका त्यांच्या माहितीपुस्तकात छापलेली होती, प्रवेशाच्या वेळी 'वाचलं, मान्य आहे' या ओळीखाली मी सहीही केली होती. न वाचता. मिरजेच्या सिस्टरांनी माझा ट्रॉलीवरचा हात काढला असता.

दुसरा विषय घेतला: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. हा विषय आपल्या मुलखाच्या अगदी जवळचा आहे. रक्त किती गेलं हे आपण नजरेने ठरवतो, आणि नजर नेहमी कमी सांगते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर यावर एक साधी गोष्ट वापरात आणली: बाळंतिणीच्या खाली पसरायचं, खालच्या टोकाला निमुळती होत जाणारी मापाची पिशवी असलेलं प्लास्टिक. त्याच पिशवीने रक्त मोजून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर औषधाचा अभ्यास झाला. एका गटाला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, दुसऱ्याला औषध नसलेल्या गोळ्या. धोक्याच्या पातळीचा रक्तस्राव शंभरात बारा बायकांना होत होता, तो सहाच्या आसपास आला. २००६ मध्ये 'लॅन्सेट'ने हा निबंध छापला. मला त्यातली जवळची वाटलेली गोष्ट वेगळी: ती बाळंतपणं आणि त्या गोळ्या सहायक परिचारिका-प्रसाविकांच्या हातून झाल्या होत्या. आपण ज्यांना एएनएम म्हणतो, त्याच.

२०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. मापाच्या पिशवीने रक्तस्राव वेळीच ओळखायचा आणि गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकेकाचा परिणाम बघत न थांबता एकाच झटक्यात करायचं. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. बेळगावचा अभ्यास हे शोधाचं काम. ती पिशवी खालापूरच्या लेबर रूममध्ये रोज वापरात आणणं, रात्रपाळीच्या मुलीने ५०० मिलिलिटरची रेघ यायच्या आधी हाक मारणं, हे प्रॅक्टिस डॉक्टरेटचं काम. विषय मंजूर झाला. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

तिथूनच सह्यांचा दुष्काळ सुरू झाला.

पहिली सही तासांची. माझ्या प्रत्यक्ष कामावर देखरेख करून तासांवर सही करणारा मार्गदर्शक हवा. पहिल्या वर्षी म्हणाले, कोणीही अनुभवी डॉक्टर चालेल. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी आनंदाने सह्या केल्या. दुसऱ्या वर्षी नियम बदलला: मार्गदर्शक डॉक्टरेट झालेली प्रगत परिचारिकाच हवी. कर्जत ते पनवेल अशी एकही मला सापडली नाही. आधीचे तास गोठले. एमएस्सीचे तास जमा धरता आले असते, पण त्यासाठी माझ्या जुन्या कॉलेजने तासांचा हिशेब लेटरहेडवर द्यायला हवा होता. तो जपलेला नव्हता. माझ्याकडेही नव्हता. गणित करून पाहा: नोकरी सांभाळून आठवड्याला आठ तास मिळाले, तर हजार तासांना १२५ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. 'दोन वर्षांत डॉक्टरेट' असं छापणाऱ्याने हा भागाकार केलेला नसतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. सकाळी आमच्या रुग्णालयातून माणसं पायथ्याला गेली, त्यांत मी होते. चार दिवस धुवाधार पावसात जखमा धुतल्या, वरून उतरून आलेल्यांचे रक्तदाब पाहिले, आणि एका बाईच्या शेजारी नुसती बसून राहिले, कारण तिला दुसरं काहीच नको होतं. त्या आठवड्यातला निबंध राहिला. मी कारण कळवलं. उत्तरात दिलगिरी होती, मुदतवाढीचा अर्ज होता आणि मुदतवाढीचं शुल्क होतं. त्या चार दिवसांचे तास धरता येतील का, असं मी विचारलं होतं. नाही, सहीला पात्र मार्गदर्शक हजर नव्हता. नियमाने बरोबरच होतं ते. पण ही पदवी ज्याला प्रॅक्टिस म्हणते आणि मी ज्याला म्हणते, ते दोन वेगळे शब्द आहेत, हे त्या दिवशी मला कळलं.

दुसरी सही नैतिक मान्यतेची, आणि इथली चूक पूर्णपणे माझी. विद्यापीठाकडून 'प्रकल्पाला मान्यता' अशी मेल आली आणि मी लेबर रूममध्ये नोंदी घ्यायला लागले. पाच महिन्यांनी आमच्याकडच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सहज विचारलं, "सिस्टर, इथल्या एथिक्स कमिटीचं पत्र आहे ना?" नव्हतं. आपल्या देशातल्या रुग्णांची माहिती अभ्यासासाठी घ्यायची तर इथल्याच नोंदणीकृत नैतिक समितीची मान्यता लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात. लहान रुग्णालयात अशी समिती नसते. मग दुसऱ्या संस्थेच्या समितीशी लेखी करार करून तिच्याकडे जावं लागतं. मी गेलेच नव्हते. त्या पाच महिन्यांच्या नोंदी मी बाजूला काढून ठेवल्या. त्यांतले आकडे चांगले होते. इथे देत नाही. ज्या बाईला मी विचारलं नव्हतं, तिच्या रक्ताचा आकडा मिरवायचा मला अधिकार नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. फी क्रेडिटवर आणि डॉलरमध्ये. मी सुरुवात केली तेव्हा डॉलर ७४ रुपयांच्या घरात होता. पुढच्या दिवाळीला ८२ च्या वर. दर हजार डॉलरमागे आठ हजार रुपये नुसते वाढले. वर बँकेचं शुल्क. आणि प्रकल्प पुरा होईपर्यंत प्रत्येक सत्राचं 'सातत्य शुल्क', ज्याचा जाहिरातीत उल्लेख नव्हता, करारात मात्र बारीक अक्षरात होता. सही मिळत नाही म्हणून प्रकल्प पुरा होत नाही, आणि पुरा होत नाही म्हणून शुल्क थांबत नाही.

शेवटी मी विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला: ही पदवी मिळाली तर इथे तिला कोण मानणार? जीएनएम, बीएस्सी, एमएस्सी, क्रिटिकल केअरमधली नर्स प्रॅक्टिशनर, पीएचडी हे भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमांत आहेत; डीएनपी नाही. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे एप्रिल २०२५ मध्ये नियम काढले, त्यांतून वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा या परिषदांच्या हातातल्या शाखा वगळल्या आहेत, आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या पदव्या तर त्यात बसतच नाहीत. म्हणजे घरबसल्या केलेली माझी पदवी ना प्राचार्यपदाला कामाची, ना पगारवाढीला. ते नियम यायच्या आधीच, २०२४ च्या पावसाळ्याआधी, मी नाव काढून घेतलं होतं. कर्ज अजून चालू आहे.

आता ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी. करूच नका, असं मी म्हणत नाही. फॉर्म भरण्याआधी पाच सह्या कुणाच्या, एवढं कागदावर लिहून काढा. एकही जागा रिकामी राहिली तर फॉर्म भरू नका.

पहिली, विद्यापीठाला मान्यता देणाऱ्याची. विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि नर्सिंग अभ्यासक्रमाची वेगळी, दोन्ही लागतात. अमेरिकेत नर्सिंगसाठी सीसीएनई आणि एसीईएन या संस्था ओळखीच्या आहेत. विद्यापीठाच्या जाहिरातीवर जाऊ नका. त्या संस्थांच्या यादीत आपण स्वतः नाव शोधा. नावातल्या धर्मावर तर मुळीच विसंबू नका. अनुदान आयोगाच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत केरळचं 'सेंट जॉन्स', गुंटूरचं 'ख्राइस्ट न्यू टेस्टामेंट', विशाखापट्टणमचं 'बायबल ओपन' अशी नावं आलेली आहेत. आणि हे फक्त ख्रिस्ती नावांचं नाही. त्याच यादीत नागपूरचं 'राजा अरेबिक' आहे. बेंगळुरूचं खरंखुरं, नामांकित सेंट जॉन्स नर्सिंग कॉलेज यांतलं नव्हे, हेही लक्षात ठेवा. एका शब्दाच्या फरकात आयुष्य बदलतं. अमेरिकेतही २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या काही नर्सिंग शाळांनी सात हजारांहून जास्त खोट्या पदविका विकल्याचं उघड झालं होतं. तिथलं म्हणजे खरंच, असंही नाही.

दुसरी, पदवीवर सही करणाऱ्याची. शिकवणारी संस्था आणि पदवी देणारं विद्यापीठ एकच असेल असं नाही, आणि ते वाईटही नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज पाहा. आयडा स्कडर यांनी तिथे १९०९ मध्ये नर्सिंग स्कूल काढलं आणि १९४६ मध्ये देशातल्या पहिल्या दोन नर्सिंग पदवी अभ्यासक्रमांपैकी एक तिथे सुरू झाला. पण पदवी मिळते ती तामिळनाडूच्या डॉ. एम. जी. आर. वैद्यकीय विद्यापीठाची. संस्कार मिशनचे, शिक्का सरकारी विद्यापीठाचा. ख्रिस्ती वातावरणात शिकायची ओढ असेल तर आपल्या देशात ही वाट शतकापासून मोकळी आहे. मी मात्र सातासमुद्रापलीकडे पाहत बसले.

तिसरी, तासांवर सही करणाऱ्याची. मार्गदर्शक कोण, त्याची पात्रता काय, तो मध्येच गेला तर कोण, हे प्रवेशाच्या आधी विद्यापीठाकडून लेखी घ्या. नियम मध्ये बदलला तर जुने तास राहतील का, हेही. आणि आजपासून स्वतःची तासवही ठेवा. तारीख, वॉर्ड, काम, तास, सही. अमेरिकेत जायचं नसलं तरी ठेवा. मला ती नसणं नडलं.

चौथी, इथल्या परवानगीची. आपल्या तालुक्यांत तिचे दोन दरवाजे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर अलिबागचे जिल्हा शल्यचिकित्सक. सरकारी नोकरीत असाल तर शिकण्यासाठीचं ना हरकत पत्र वेगळं. त्यावर नैतिक समिती. ही सगळी पत्रं हातात येईपर्यंत रुग्णाच्या कागदाला अभ्यास म्हणून हात लावायचा नाही.

पाचवी, मानणाऱ्याची. तुम्ही ज्या खुर्चीसाठी शिकता आहात ती खुर्ची देणारा ही पदवी मानतो का? प्राध्यापकी हवी असेल तर पीएचडीच करा: नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची किंवा परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय संघामार्फत होणारी. कॉटपाशी राहायचं असेल तर क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे, आणि २०१८ च्या मिडवाइफरी धोरणातून आलेला प्रसूतिसेवेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा १८ महिन्यांचा. दोन्हींवर आपल्या परिषदेचा शिक्का. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला आहे, तेव्हा पुढचं नियमपत्रक स्वतः वाचा; मैत्रिणीच्या सांगण्यावर राहू नका. आणि खरोखर अमेरिकेत जाऊन नोकरी करायची असेल तर उलट्या क्रमाने जा: आधी तिथली नोंदणी, मग नोकरी, मग डीएनपी. तिथे पुष्कळ रुग्णालयं शिक्षणाचा काही भार स्वतः उचलतात.

ख्रिस्ती विद्यापीठ निवडत असाल तर आणखी एक. त्यांचं श्रद्धापत्रक आणि वर्तनसंहिता सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा. कुठे विद्यार्थ्याने नुसता आदर राखायचा असतो, कुठे मान्यता द्यायची असते, कुठे दारू-तंबाखूचीही अट असते. कुठला पंथ, हे विचारायला लाजू नका. आपला विषय कुटुंबनियोजन, गर्भपात, वंध्यत्व यांतला असेल तर तो चालेल का, हे फी भरण्याआधी मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. ते त्यांच्या श्रद्धेला धरून आहेत. आपण आपल्या कामाला धरून राहायचं.

नावाआधी 'डॉक्टर' लावायची हौस असेल तर तीही तपासून घ्या. कॅलिफोर्नियात डीएनपी असलेल्या एका परिचारिकेला स्वतःची ओळख डॉक्टर म्हणून करून दिल्याबद्दल २०२२ मध्ये सुमारे २० हजार डॉलर भरावे लागले. पदवी खरी होती. रुग्णाची समजूत मात्र चुकीची झाली, असा आक्षेप होता. आमच्या वाड्यांवर मला बाया पहिल्यापासून 'डॉक्टरीणबाय' म्हणतात. मी दुरुस्त करते, त्या हसतात, आणि पुढच्या खेपेला परत तेच.

या सगळ्यात मला काय मिळालं, असं सासूबाई अधूनमधून विचारतात, तेव्हा मला बिरवाडी आठवते. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी रात्री काढल्या आणि प्रॅझोसिनचा उपाय 'लॅन्सेट'पर्यंत नेला, ते आपल्याच रायगडात. त्यांनी आधी अडचण धरली होती. मी आधी पदवी धरली आणि तिच्यासाठी अडचण शोधली. माझा क्रम चुकला.

पण अडचण खरी होती, म्हणून ती मी सोडली नाही. नाव काढून घेतल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आणि व्यवस्थापनाशी बोलून मापाच्या पिशव्या लेबर रूमच्या नेहमीच्या सामानात घातल्या. आता तो अभ्यास नाही. आमची कामाची पद्धत आहे. प्रत्येक बाळंतिणीच्या कागदावर रक्ताचा आकडा, वेळ आणि सही.

परवा रात्रपाळीला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. चौकच्या बाजूची बाळंतीण, बाळ आईच्या छातीवर, सगळं सुरळीत. मुलीने कागद पुढे ओढला, वेळ लिहिली, आकड्याच्या रकान्यात नेहमीचा अंदाज म्हणून २०० लिहायला लागली आणि खाली सहीसाठी पेन टेकवलं. मी तिचा हात धरला. खाली वाकून पिशवी बघायला सांगितली. तिने बघितली, पुन्हा बघितली. रेघ ३८० वर होती आणि वर सरकत होती.

"मॅडम, हाक मारू?"

"मार. सही नंतर."